खारीचं उठणं

मुलांनो, आज अलास्कातल्या खारीची गोष्ट. आपल्या आंब्यावर पळते ती खार वेगळी. ही बया जमिनीत बीळ करून राहते आणि तिकडच्या हिवाळ्याला कंटाळून वर्षातले सात-आठ महिने झोपूनच काढते. झोप तरी कसली! ब्रायन बार्न्स या शास्त्रज्ञाने झोपेतल्या खारींचं तापमान मोजलं आणि १९८९ मध्ये आकडा छापला: उणे २.९ अंश सेल्सिअस. पाण्याचा बर्फ होतो त्याच्याही खाली, तरी रक्त गोठत नाही. हृदयाचे मिनिटाला बोटांवर मोजण्याइतके ठोके.

मला मात्र नवल वाटतं ते तिच्या उठण्याचं. दर दोन-तीन आठवड्यांनी ती जागी होते. अंगातली तपकिरी चरबी पेटते, आधी छाती आणि डोकं तापतं, हृदय धडधडू लागतं, थिजलेल्या अवयवांत रक्त धावतं. जेमतेम काही तास जागी राहते की पुन्हा गारठली. हिवाळाभर हेच चालू.

“रक्त परत आलं म्हणजे चांगलंच की, आजोबा!” आमची मुक्ता म्हणालीच.

नाही गं. तिथेच तर मेख आहे. गावाकडची धुमसणारी चूल आठव. आत लाकडं नुसती कोंडलेली असतात, आणि फुंकणीने हवा घातली की एकदम भडका उडून भुवया होरपळतात. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की पेशींचंही तसंच होतं. ऑक्सिजन नसल्यामुळे सक्सिनेट नावाचं इंधन त्यांच्यात साठत जातं. केंब्रिजच्या मायकेल मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ते उंदरांत दाखवून दिलं. रक्त परतताच हे इंधन झपाट्याने जळतं, पेशीतल्या ऊर्जाघरांमधला, म्हणजे तंतुकणिकांमधला, इलेक्ट्रॉनांचा प्रवाह उलटा फिरतो आणि ऑक्सिजनचे हल्लेखोर रेणू तयार होतात. त्यातच पेशीत कॅल्शियमचा लोंढा घुसतो, तंतुकणिकांच्या पडद्यांना भोकं पडतात. उपासमारीतून वाचलेल्या कितीतरी पेशी रक्त परत आल्यावर मरतात. बर्फात जपून आणलेलं मूत्रपिंड रुग्णाला जोडतात तेव्हाही हाच धोका असतो.

मग खार कशी तगते? झोपेत तिच्या रक्तातलं क जीवनसत्त्व कित्येक पटींनी वाढतं, आणि जाग येताना, ऑक्सिजनचा खप वाढतो तेव्हा, ते भराभर उतरतं. जणू भडक्याची तयारी आधीच करून ठेवलेली. (म्हणून आवळे खाल्ले की हृदयविकार टळतो, असं कोणी सांगितलं तर त्याला आवळे विकायचे आहेत असं समजा.) पण एवढ्यावर भागत नाही. शास्त्रज्ञांनी जाग्या, उबदार अंगाच्या खारींचं हृदय आठ मिनिटं थांबवून पुन्हा सुरू केलं, तरी मेंदू शाबूत! उंदरांच्या मेंदूतल्या पेशी त्याच परीक्षेत मेल्या. म्हणजे सगळी किमया थंडीची नव्हे, खारीच्या पेशींचीही आहे.

आपल्यासारख्यांकडेही थोडी शिदोरी असते बरं का. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी आधी पाच-पाच मिनिटं चार वेळा दाबली आणि सोडली. मग चाळीस मिनिटं बंद ठेवली. अशी तालीम मिळालेल्या हृदयांत मेलेला भाग इतरांच्या मानाने पावच निघाला. केवढी आशा वाटली असेल! पण झटका काय सांगून येतो, की आधी तालीम करून घ्यावी? म्हणून पुढे रुग्णाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून, तो आवळून-सैल करून हृदयाला दुरूनच सावध करता येतं का, हे पाहिलं. युरोपात पाच हजारांवर रुग्णांवर प्रयोग झाला, २०१९ मध्ये निकाल आला: वर्षभरात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंत किंवा हृदय निकामी होऊन दवाखान्यात भरती होण्यात काही फरक नाही. प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंतची वाट अशी लांब असते.

आणि हो, परतणारं रक्त इजा करतं म्हणून ते आणूच नये, असं मात्र कोणी समजू नका. रक्तवाहिनी बंदच राहिली तर तो सगळा भाग जातो. ती जितकी लवकर उघडेल तितकं हृदय वाचतं. तेव्हा घरात कोणाच्या छातीत कळ आली, घाम फुटला, तर पित्त असेल म्हणून सोडा पाजत बसू नका. आधी १०८ लावा.