मोफत व्हीपीएन : खेळ एकाचा, जोखीम घराची

नाशिक जिल्ह्यात मोबाइल फोन हे आता केवळ बोलण्याचे साधन राहिलेले नाही. लासलगावच्या बाजारात कांदा विकल्यावर पैसे जमा झाल्याची सूचना, अनुदानाचा संदेश, बँकेचा ओटीपी आणि शाळेने पाठविलेला गृहपाठ हे सारे अनेक घरांत एकाच फोनवर येते. दिवसा वडिलांच्या खिशात असणारा हा फोन सायंकाळी मुलाच्या हाती खेळासाठी जातो. या खेळाच्या निमित्ताने ‘मोफत व्हीपीएन’ ही सेवा फोनमध्ये शिरते. वरकरणी ती निरुपद्रवी दिसते. परंतु तिची किंमत त्या फोनवर विसंबून असलेल्या साऱ्या कुटुंबाला मोजावी लागू शकते. म्हणूनच शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांनी हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

व्हीपीएन म्हणजे काय?

व्हीपीएन म्हणजे आभासी खासगी जाळे. ते सुरू केले की फोनमधून निघणारी माहिती सांकेतिक स्वरूपात प्रथम त्या सेवेच्या सर्व्हरकडे जाते आणि तेथून इच्छित स्थळी पोहोचते. त्यामुळे समोरच्या संकेतस्थळास फोनचा खरा आयपी पत्ता न दिसता त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. कसारा घाटातील बोगद्यात शिरलेली गाडी डोंगरावरून दिसत नाही. तथापि बोगद्याच्या तोंडाशी बसलेला माणूस कोणती गाडी केव्हा गेली हे टिपून ठेवू शकतो. व्हीपीएन चालविणारी संस्था ही त्या तोंडाशी बसलेली असते. याचा अर्थ असा की, व्हीपीएनमुळे कोणावर तरी विश्वास ठेवण्याची गरज संपत नाही; तो विश्वास फक्त दुसऱ्याच्या हवाली होतो.

व्हीपीएन ही मुळात वाईट वस्तू नव्हे. बँका, उद्योग व कार्यालये दूरच्या कर्मचाऱ्यांना सुरक्षितपणे जोडण्यासाठी तिचा उपयोग करतात. प्रश्न आहे तो मालकाचा ठावठिकाणा नसलेल्या फुकट सेवांचा.

खेळाडू तिकडे का वळतात?

केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९-अ अन्वये ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत मुलांमध्ये अतिशय लोकप्रिय असलेला पबजी मोबाइल हा खेळ होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर हा खेळही भारतातील ॲप-दुकानांतून गेला. बंद झालेला खेळ आडवाटेने चालू ठेवण्याचे साधन म्हणून व्हीपीएनकडे पाहिले जाऊ लागले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांची सेवा देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. अशा खेळांकडे व्हीपीएनच्या आडून जाणाऱ्याचे पैसे परदेशी चालकाने बुडविले, तर ते परत मिळविणे अत्यंत कठीण असते.

वेगाचा भ्रम

व्हीपीएनमुळे खेळ जलद चालतो, असाही एक समज आहे. साध्या हिशेबाने तो तपासता येतो. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. खेळाचा सर्व्हर मुंबईत असल्यास नाशिकहून जाण्यायेण्याचे अंतर सुमारे ३४० किलोमीटर होते व त्यास सेकंदाच्या हजाराव्या भागाचे दोन अंशही पुरेसे होतात. हाच संदेश सिंगापूरमार्गे मुंबईस गेला आणि त्याच वाटेने परतला, तर सुमारे १६,००० किलोमीटरचा फेरा पडतो आणि तेवढ्यासाठी किमान ८० अंश लागतात. सेवा पुरविणाऱ्या कंपनीचा मूळ मार्गच सदोष असेल तर क्वचित लाभ होतो; एरवी खेळ मंदावतो. शिवाय अनेक खेळ-कंपन्यांच्या नियमांनुसार ठिकाण लपविणाऱ्याचे खाते बंद होऊ शकते.

फुकटाची वसुली

सर्व्हर व इंटरनेटची जोडणी यांना दरमहा खर्च येतो. वापरणाऱ्याकडून पैसे न घेणारा चालक तो अन्य मार्गाने वसूल करतो. काही सेवा मर्यादित मोफत वापर देऊन पुढे वर्गणी घेतात. अन्य अनेक सेवा मात्र जाहिराती दाखवितात, वापरणाऱ्याच्या सवयींची माहिती विकतात किंवा त्याची जोडणीच भाड्याने देतात. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ ही संशोधन संस्था व विद्यापीठांतील अभ्यासकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइड फोनसाठीची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. त्यांपैकी ३८ टक्क्यांत घातक प्रणालीची लक्षणे आढळली, तर १८ टक्के ॲप माहिती सांकेतिक करीतच नव्हती.

याहून गंभीर प्रकार मे २०२४ मध्ये उघडकीस आला. अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘९११ एस५’ नावाचे जाळे मोडून काढले. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन यांसारख्या मोफत सेवांतून ते संगणकांत शिरले होते. सुमारे २०० देशांतील १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते त्याच्या ताब्यात होते आणि ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात. गुन्हा करणारा निराळाच. पण तपासाची पहिली खूण पोहोचे ती फुकट व्हीपीएन घेणाऱ्याच्या दारी. ज्या घरात जोडणी वडिलांच्या नावे आहे, तेथे या गोष्टीचे गांभीर्य सांगावयास नको.

बँकांचे व्यवहार स्वतंत्रपणे सांकेतिक असतात. त्यामुळे केवळ व्हीपीएन चालविल्याने परवलीचा शब्द उघड होत नाही. परंतु अनोळखी दुव्यावरून घेतलेल्या ॲपला संदेश वाचण्याची वा पडद्यावर नियंत्रण ठेवण्याची अनुमती दिली, तर ओटीपीही सुरक्षित राहत नाही.

कर्तव्ये कोणती?

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन सेवांना ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवण्याचे निर्देश दिले. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेल्या मार्गदर्शक सूचनांत शासकीय कर्मचाऱ्यांनी बाहेरच्या व्हीपीएन सेवा वापरू नयेत, असे स्पष्ट केले आहे. ग्रामपंचायतीचा संगणक किंवा शाळेची नोंद असलेला फोन खेळासाठी मुलांच्या हाती देणे म्हणूनच इष्ट नाही.

घरोघरी करावयाची तपासणी सोपी आहे. अँड्रॉइड फोनच्या वरच्या पट्टीवर किल्लीचे चिन्ह दिसल्यास व्हीपीएन चालू आहे असे समजावे. सेटिंगमधील व्हीपीएनच्या यादीतील अनोळखी नोंद काढून टाकावी, संबंधित ॲप पुसावे आणि नंतर बँक व ई-मेलचे परवलीचे शब्द बदलावेत. शक्य तेथे बँकेचा क्रमांक व खेळाचा फोन वेगळा ठेवावा. पैसे गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे आणि नाशिक शहर अथवा ग्रामीण सायबर पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा.

मुलांना केवळ मनाई केल्याने हा प्रश्न सुटणार नाही. खेळाची ओढ स्वाभाविक आहे. आणि रागावण्याच्या भीतीने मूल फसवणूक लपविते, तेव्हा हानी वाढते. पालकसभेत व ग्रामसभेत या विषयास दहा मिनिटे दिली, बोगद्याचे उदाहरण मुलांना समजावून सांगितले आणि ‘चूक झाली तरी आधी घरी सांग’ हा विश्वास त्यांना दिला, तर कष्टाने मिळविलेले कांद्याचे व द्राक्षांचे पैसे एका खेळापायी गमावण्याची वेळ सहसा येणार नाही.