दिसतंय तोवर पडद्याचा फोटो

‘मले त चांगलं दिसते, मंग डोयाचा फोटो कायले?’ वर्धा जिल्ह्यात शुगरच्या पेशंटला नेत्रविभागात पाठवलं की हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे. मोतीबिंदूत धूसर दिसू लागतं, माणूस आपणहून दवाखाना गाठतो. मधुमेहाने डोळ्याचा आतला पडदा बिघडू लागला की बराच काळ काहीच जाणवत नाही. जाणवतं तेव्हा आत रक्त उतरलेलं असतं किंवा पडदा ओढला जाऊन सुटू लागलेला असतो. म्हणून हा फोटो नीट दिसत असतानाच काढायचा असतो.

जिल्ह्यात रुग्णालयांची वानवा नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गांधीजींच्या हयातीतलं, बायका-मुलांच्या लहानशा दवाखान्यातून वाढलेलं. डॉ. सुशीला नायर यांनी त्याला जोडून १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. इथल्या आरोग्य विम्याची वर्गणी आसपासच्या गावांनी ज्वारीच्या रूपात भरली आहे. वर्धा शहराला लागून सावंगी (मेघे) इथे वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. एका लहान जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयं असताना कुणाचा पडदा तपासायचा राहून जावा, हे मला पटत नाही.

शरीर न कापता आतल्या रक्तवाहिन्या उघड्या दिसतात अशी जागा एकच, डोळ्याचा पडदा. अडचण अशी की बाहुलीच्या एवढ्याशा छिद्रातूनच उजेड आत सोडायचा आणि तिथूनच परत घ्यायचा. परतणारा उजेड आपल्या उगमाकडेच जातो. तिथे बघायला जावं तर बघणाऱ्याचं डोकंच दिव्याच्या आड येतं. जर्मनीत शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत बघायचं उपकरण, ऑफ्थाल्मोस्कोप, जगापुढे मांडून ही कोंडी फोडली. पडद्याचा फोटो निघायला त्यानंतर आणखी ३५ वर्षं गेली. १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये जॅकमन आणि वेबस्टर यांनी तो काढला तेव्हा माणसाला अडीच मिनिटं डोळा स्थिर धरावा लागला होता. आता क्षणभराचा फ्लॅश पुरतो.

पडद्याचा फोटो काढणाऱ्या फंडस कॅमेऱ्यासमोर बसण्याआधी बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात. ते जरा झोंबतात. मग अर्धा तास डोळे मिटून बाकावर बसायचं. हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं, की तंत्रज्ञ सांगतो, ‘त्या दिव्याकडे बघा, पापणी मारू नका.’ कॅमेरा बाहुलीच्या कडेकडेने कड्याच्या आकारात उजेड आत सोडतो आणि मधल्या मोकळ्या जागेतून चित्र घेतो. दोन्ही वाटा वेगळ्या ठेवल्यामुळे बुबुळावरची चमक फोटोत येत नाही. पडद्यावर नारिंगी-लाल पार्श्वभूमी, त्यात दृष्टिनसेची फिकट चकती, तिच्यातून फुटलेल्या शिरा. मधुमेह असेल तर बारीक लाल ठिपके आणि पिवळसर साका.

शिरा कुठे गळताहेत, कुठे बंद पडल्यात हे पाहायचं तर हाताच्या शिरेत फ्लुरोसिनचं इंजेक्शन देतात. दहा-पंधरा सेकंदांत तो रंग पडद्यावर पोचतो आणि कॅमेरा भराभर फोटो घेतो. नंतर लघवी दिवसभर गडद पिवळी होते. ते आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. १९९१ मध्ये ओसीटी आलं. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींनी करते ते हे यंत्र प्रकाशाने करतं. पडद्याचा उभा छेद थरांसकट दिसतो, सूज किती मायक्रॉन ते मोजून मिळतं, सुई टोचावी लागत नाही.

विदर्भात मात्र प्रश्न मधुमेहापाशीच संपत नाही. सिकलसेल हा आपल्याकडचा जुना आजार. त्यात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी बारीक शिरांत अडकतात आणि पडद्याचा काठ आधी उपाशी पडतो. तिथे नव्या, कच्च्या शिरांचे पंखासारखे झुपके उगवतात. डॉक्टर त्यांना ‘सी फॅन’ म्हणतात. ते फुटले की डोळ्यात रक्त. नेहमीचा फंडस कॅमेरा एका फोटोत साधारण ४५ अंशांचा मधला भागच टिपतो, म्हणजे आजार काठाला आणि फोटो मध्याचा. २०० अंशांपर्यंत बघणारी अल्ट्रा-वाइडफिल्ड यंत्रं निघाली आहेत, पण ती महाग. ती नसतील तिथे डॉक्टरांनी डोक्याला लावलेल्या ऑफ्थाल्मोस्कोपने कडेपर्यंत पाहायलाच हवं. ‘फोटो नॉर्मल आला’ एवढ्यावर सिकलसेलच्या मुलाला घरी पाठवणं चूक आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात रक्त तपासण्यावर भर आहे. तो हवाच, पण आजार ठरलेल्याच्या डोळ्यांची तपासणीही त्याच्या सिकलसेल कार्डावर नोंदली जावी.

खेड्यातली माणसं तपासणीला येत नाहीत, ही तक्रार मला मान्य नाही. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने २००६ ते २००८ दरम्यान परिसरातल्या आठ खेड्यांत तिशीपुढच्या लोकांच्या डोळ्यांचा अभ्यास केला. ५,८८५ पैकी ४,७११ जण तपासणीला आले, म्हणजे पाचातले चार. आता तर २० डायॉप्टरचं भिंग हातात धरून साध्या मोबाइलवरही पडद्याचं चित्र घेता येतं. ते उलटं दिसतं, हात स्थिर लागतो, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून संशयित पेशंट निवडायला ते पुरेसं आहे.

शुगर असेल तर निदान झाल्यावर लगेच आणि मग दरवर्षी पडदा तपासा. सिकलसेल असेल तर वयाच्या दहाव्या वर्षापासून, वर्षा-दोन वर्षांनी. जाताना जुने रिपोर्ट न्या आणि सोबत कुणाला तरी न्या. थेंबांमुळे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. परतताना गाडी स्वतः चालवू नका.