बेरजेच्या अनेक वाटा

बेरीज हा काय व्याख्यानमालेचा विषय, असे काही श्रोत्यांना वाटेल. आम्ही शाळेत थोडे आणि कामगारांच्या अभ्यासवर्गात पुष्कळ शिकलो. तेथे एक गोष्ट नेहमी दिसते. भाजीचा हिशेब तोंडी चोख करणारा माणूस पगारपत्रकावरील आकडे पाहून गांगरतो. याचे मूळ पहिली-दुसरीच्या वर्गात आहे.

४८ आणि ३७ यांची बेरीज करताना एखादे मूल ७१५ लिहिते. आठ नि सात पंधरा, चार नि तीन सात. दोन्ही बेरजा बरोबर, उत्तर मात्र सातशेच्या घरात! दोन्ही संख्या पन्नासाच्या आत असताना बेरीज शंभरावर जाईल कशी, हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याच्या दृष्टीने ४ हा नुसता चार असतो, चाळीस नसतो.

हीच बेरीज निरनिराळ्या वाटांनी करता येते. पहिली वाट दशके वेगळी काढण्याची: चाळीस नि तीस सत्तर, आठ नि सात पंधरा, मिळून ८५. दुसरी उड्यांची: ४८ वरून ५८, ६८, ७८, मग दोन घालून ८०, उरलेले पाच घालून ८५. तिसरी उसनवारीची: ३७ मधले दोन ४८ ला दिले की ५० आणि ३५ उरतात. चौथी, ४८ ला ५० मानून ८७ करायचे आणि जादा धरलेले दोन परत काढायचे.

ही चौथी वाट तर आपल्या भाषेतच आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणे. मात्र 'अठ्ठेचाळीस' म्हणताना आठ आधी ऐकू येतो आणि मूल ८४ लिहून बसते. ही अडचण ध्यानी घेऊन २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. नावे कोणतीही ठेवा. दहा काड्यांचा जुडगा हाताळल्याखेरीज दशक कळत नाही.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात टेरेझिन्हा कराहर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचे हिशेब तपासले. मुले ९ ते १५ वर्षांची होती. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विक्री करताना शंभरांत सुमारे ९८ उत्तरे बरोबर आली. तसलीच आकडेमोड नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा सुमारे ३७. बुद्धी तीच होती; कागदावर मुले आपली वाट सोडून शाळेची रीत धरू पाहत होती.

मग हातचा टाकून द्यावा काय? मुळीच नाही. सात-आठ मोठ्या रकमा एकाखाली एक असतील तेव्हा हातच्याएवढी सोयीची रीत नाही. परंतु ३९८ आणि २४७ यांसाठी दोनदा हातचा कशाला? ४०० आणि २४५, झाले ६४५.

एवढ्या वाटांनी मूल गोंधळणार नाही काय, ही शंका रास्त आहे. सगळ्या एकदम दिल्या तर गोंधळेलच. आधी दहाच्या जोड्या पक्क्या कराव्यात: आठाला दोन, सातला तीन. मग एकेक वाट घ्यावी, मुलाला स्वतःची वाट सांगू द्यावी, आणि हातचा शेवटी यावा. उत्तर बरोबर असताना 'रीत आमची नाही' म्हणून फुली मारू नये. अशा फुलीतून मूल एवढेच शिकते की खरेखोटे ठरविणे हे दुसऱ्याचे काम आहे.

पुढे तेच मूल मोठे होऊन पगारपत्रकावर सही करते. ज्याला दुसरी वाट ठाऊक आहे तो सहीपूर्वी बेरीज ताडून पाहतो. ज्याला ती ठाऊक नाही, त्याला छापील आकड्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.