पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा मिना

भारतातून पाहुणे आले की एडिंबराचा किल्ला ठरलेलाच. तिथून खाली उतरताना मी त्यांना सेंट जाइल्समधल्या थिसल चॅपलमध्ये नेते. सरदारांच्या आसनांमागे मिनाकामाच्या छोट्या रंगीत पट्ट्या आहेत. चॅपल १९११मध्ये उघडलं, तेव्हाच्या पट्ट्या फीबी ॲना ट्रॅक्वेअर या बाईंनी केलेल्या.

फीबी जन्मानं डब्लिनची (१८५२). नवरा जीवाश्म माशांचा अभ्यासक, तिथल्या संग्रहालयाची नोकरी मिळाली म्हणून १८७४मध्ये दोघं इथे आले. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणींसारखीच ही नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली! त्याच्या लेखांसाठी ती माशांची चित्रं काढायची, तीन मुलं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात भरतकाम करायची.

पहिलं मोठं काम मिळालं १८८५मध्ये. मुलांच्या इस्पितळात कोळशाच्या कोठीची प्रार्थनाखोली केली होती. दगावलेल्या लेकराला आईबापांनी शेवटचं पाहायची ती जागा. तिथल्या भिंती हिनं रंगवल्या. पुढे मॅन्सफील्ड प्लेसचं अख्खं चर्च रंगवायला तिला आठ वर्षं लागली.

आणि मिना? तो हाती घेतला १९०१मध्ये, पन्नाशीला टेकताना!

हे काम वाटतं तितकं नाजूक नाही. काचेची पूड पाण्यात भिजवून धातूच्या पत्र्यावर बसवायची, वाळवायची आणि साधारण ८०० अंशांच्या भट्टीत दोन-तीन मिनिटं भाजायची. पुन्हा थर, पुन्हा भट्टी. पत्रा वाकू नये म्हणून मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या बाजूलाही मिना चढवावा लागतो. जरा चुकलं की तडा. फीबी पारदर्शक रंगाखाली वर्ख घालायची, त्यामुळे दागिना आतून उजळल्यासारखा दिसतो. आपल्याकडे जुन्या तन्मणीच्या खोडामागे कधी कधी मिनाकाम दिसतं, त्याची मला हटकून आठवण येते. तिची पदकं, हार, पेले आज इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहेत.

मान मात्र सहजी मिळाला नाही. रॉयल स्कॉटिश अकादमीनं १९००मध्ये तिला नाकारलं. १९२०मध्ये मानद सदस्यत्व दिलं, तेव्हा ती ६८ वर्षांची होती. 

मी इथे आले ती डिपेंडंट व्हिसावर. बी.एफ.ए.ची पदवी बॅगेत तळाशीच राहिली. मुलं मोठी झाली, हात मोकळे झाले. पण ‘आता या वयात काय?’ असं मैत्रिणी म्हणतात, मीही म्हणायचे. त्या पट्ट्यांसमोर उभं राहिलं की ते वाक्य तोंडातून निघत नाही. गेल्या सप्टेंबरपासून दर शनिवारी मिनाकामाच्या वर्गाला जाते. पहिली तीन पदकं तडकली. चौथं तडकलं नाही. ते पुण्याला आईकडे पाठवलंय.