नॉर्वेचें रॉक संगीत

१९५६ सालीं 'रॉक अराउंड द क्लॉक' हा अमेरिकन चित्रपट ऑस्लो शहरांत दाखविला गेला, तेव्हां तरुणांची व पोलिसांची रस्त्यांत झटापट उडाली. परकी भाषा, परकी चाल आणि वडीलधाऱ्यांचा रोष अशा लवाजम्यासह हें संगीत नॉर्वेंत गाजूं लागलें.

आरंभीं तें बव्हंशीं अनुकरणाचेंच होतें. १९७१ सालीं ज्यूनिफर ग्रीन या वृंदानें 'फ्रेंडशिप' हा दोन तबकड्यांचा संच काढला. परंतु त्यांतील गीतें इंग्रजींतच होतीं. पुढें नामसोस गांवच्या ओगे आलेक्सान्देर्सेन यांनीं आपल्या त्रोंदेलाग प्रांताच्या बोलींत गाऊन रॉकला घरची भाषा दिली. १९८० नंतरच्या दशकांत डेलिलोस, रागा रॉकर्स आदि वृंदांनीं रोजच्या जगण्याचीं गाणीं नॉर्वेजियन भाषेंत लिहिलीं.

त्यानंतर ब्लॅक मेटल ही उग्र शाखा फोफावली. तारांवर अतिद्रुत अखंड आघात, किंचाळल्यासारखा कंठ आणि हेतुपुरस्सर ओबडधोबड ठेवलेलें ध्वनिमुद्रण हीं तिचीं लक्षणें. १९८४ सालीं निघालेला मेहेम आणि डार्कथ्रोन हे तिचे अग्रणी वृंद. परंतु या वर्तुळांतील कांहींनीं ख्रिस्ती धर्माचा द्वेष गाण्यापुरता ठेविला नाहीं. १९९२ सालीं बर्गेनजवळचें फांटॉफ्टचें मध्ययुगीन लांकडी प्रार्थनामंदिर जाळण्यांत आलें. १९९३ सालीं मेहेमच्या गिटारवादकाचा खून झाला. हा खून व इतर मंदिरांस लाविलेल्या आगी यांबद्दल दुसऱ्या एका वादकास १९९४ सालीं २१ वर्षांची शिक्षा झाली. फांटॉफ्टचें मंदिर १९९७ पर्यंत पुन्हां उभें राहिलें.

मग या संगीताचें काय करावें? एकोणिसाव्या शतकांत धर्मनिष्ठांनीं हार्डांगर फिडल हें सैतानाचें वाद्य ठरवून कित्येक फिडलें जाळलीं. आज तेंच राष्ट्रीय वाद्य गणलें जातें. पण हा दाखला अर्धाच लागू पडतो. तेथें वाद्यें जळलीं. येथें वादकानें आग लाविली. नॉर्वेनें दोन्ही हिशेब निराळे मांडले. अपराध्यास न्यायालयाचा दंड मिळाला, कलेचा मार्ग मात्र मोकळा राहिला. २०१४ सालीं राज्यघटनेस २०० वर्षें झालीं, त्या निमित्तानें याच शाखेंतील एन्स्लेव्हड वृंदाच्या इवार ब्योर्नसन यांजकडून 'स्कुग्शो' या रचनेंत सहकार्य घेण्यांत आलें. कलेस गुन्ह्याची ढाल होऊं न देणें, आणि गुन्ह्यापायीं कलेस फांशीं न देणें, हा विवेक अवघड खरा; पण तो सुटला तर संगीत व न्याय दोन्ही गमवावीं लागतात.