डोंगर ओलांडून आलेली नक्षी

कुलूची लोकरी शाल तुम्ही पाहिली असेल. मधला भाग साधा, एकरंगी. आणि टोकांना लाल, पिवळ्या, हिरव्या त्रिकोण-चौकटींची नक्षी. पण ही नक्षी मूळची कुलूची नव्हे. ती तेथे आली विणकरांच्या कुटुंबांबरोबर.

हिमाचल प्रदेशात सतलज नदीकाठी रामपूर हे गाव आहे. पूर्वी ते बुशहर संस्थानाची राजधानी होते. तेथे नोव्हेंबरात भरणारी लवी जत्रा लोकरीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. कुलू मात्र बियास नदीच्या खोऱ्यात. या दोन खोऱ्यांमध्ये उंच डोंगररांग असून तिच्यातील जलोडी खिंड समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे. कुलूत पूर्वीपासून घरोघर माग होते. पण त्यांवर साधे किंवा चौकडीचे जाड लोकरी पट्टू विणले जात. १९४० नंतरच्या काही वर्षांत बुशहरचे विणकर कुलूत येऊ लागले आणि नक्षीचे विणकाम तेथे रुजले. १९४४ मध्ये भुट्टी गावात विणकरांची सहकारी संस्थाही स्थापन झाली.

या विणकरांनी वेगळे काय आणले? मागावरच्या उभ्या धाग्यांना ताणा आणि आडव्या धाग्याला बाणा म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. साध्या कापडात बाण्याचा धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावतो. नक्षीत मात्र प्रत्येक रंगाचा धागा हाताने, आपल्या जागेपुरताच घालतात आणि तेथूनच परत फिरवतात. आपल्या पैठणीचा पदर विणतानाही असेच करतात. त्यामुळे विणकराला ताण्याचे धागे सतत मोजावे लागतात. हे गणित कागदावर नव्हे, बोटांत असते. म्हणून माणूस स्थलांतर करतो तेव्हा नक्षीही त्याच्याबरोबर जाते.

आता सांगा, या नक्षीत फुलांच्या वेलींपेक्षा त्रिकोण आणि चौकटीच अधिक का? चौकटीच्या कागदावर वर्तुळ काढण्यासाठी घरे रंगवून पाहा. त्याची कड पायऱ्या-पायऱ्यांची दिसेल. घरे जितकी मोठी, तितक्या पायऱ्या ठळक. लोकरीचे सूत रेशमापेक्षा जाड, म्हणजे ही ‘घरे’ मोठी. तेथे गोलाईपेक्षा तिरपी रेघच सुबक उतरते.

विणकाम हे एकट्याचे काम नाही. कोणी लोकर पिंजतो, कोणी सूत काढतो, कोणी कांड्या भरतो, तेव्हा मागावरचा हात चालतो. डोंगरातली माणसे वाट चालतानाही टकळीवर सूत काढताना दिसतात. हिवाळ्यात बर्फ पडून शेतीची कामे थांबली की माग जोरात चालतो.

लोकरच का, याचे उत्तर तिच्या तंतूत आहे. तो नैसर्गिकरीत्या कुरळा असल्याने धाग्यांत हवा अडकून राहते आणि स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. उलट बाष्प शोषताना थोडी उष्णताच बाहेर टाकते. तंतूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात. विणलेला पट्टू गरम पाण्यात तुडवला की हे खवले एकमेकांत अडकतात, कापड आटते आणि इतके घट्ट होते की वारा सहज आत शिरत नाही.

आज कुलूच्या शालीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही यंत्रमागावरच्या, पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकच्या, नकली शाली त्याच नावाने विकल्या जातात. हातमागावर नक्षीची शाल विणायला कित्येक दिवस लागतात. यंत्राचा माल झटपट निघतो आणि स्वस्त पडतो. त्याची झळ विणकराच्या घराला बसते.

करून पाहा : लोकरीच्या आणि अ‍ॅक्रिलिकच्या धाग्याचा बोटभर तुकडा घ्या. शिक्षकांसमोर, चिमट्यात धरून, खाली बशी ठेवून ज्योतीजवळ न्या. लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योतीतून काढल्यावर बहुधा विझते आणि तिची राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळत जळते आणि मागे कठीण काळा मणी उरतो. तो गार होईपर्यंत हात लावू नका. ही परीक्षा धागा ओळखते, माग नव्हे. त्यासाठी शालीवरची हातमागाची आणि मानांकनाची खूण पाहावी लागते. शाल घेताना ती शोधायला विसरू नका.