माळरानाच्या छायाचित्रणातील भूमी व आकाश यांचा समतोल : शिरपामाळच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
पालघर जिल्ह्यातील जव्हारनजीकचे शिरपामाळ हे स्थळ इतिहासप्रेमींना परिचित आहे. इ. स. १६६४ मधील सुरतेच्या स्वारीच्या वेळी छत्रपती शिवाजी महाराज व जव्हारचे राजे यांची येथे भेट झाली आणि त्या भेटीतील शिरपेचावरून माळास हे नाव मिळाले, अशी परंपरा सांगितली जाते. अशा स्थळांची छायाचित्रे महाविद्यालयीन क्षेत्रभेटी, प्रकल्प व अहवाल यांत पुरावा म्हणून वापरली जातात. परंतु उघड्या माळावर चौकटीत येणारे घटक मोजकेच असतात : खाली जमीन, वर आकाश आणि मध्ये क्षितिजरेषा. त्यामुळे ही रेषा कोठे ठेवावी, हाच येथील रचनेचा मुख्य प्रश्न होय.

क्षितिजरेषेचे स्थान :
क्षितिजरेषा चौकटीच्या मधोमध आल्यास दोन्ही भागांना सारखेच महत्त्व मिळते आणि पाहणाऱ्याची दृष्टी कोठेच स्थिरावत नाही. यावरील प्रचलित उपाय म्हणजे एका भागास दोन तृतीयांश व दुसऱ्यास एक तृतीयांश जागा देणे. या नियमाची स्पष्ट मांडणी इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये केली. तथापि प्रथा त्याहून जुनी आहे. सतराव्या शतकातील डच चित्रकार याकोब फान राउसडाल यांच्या हार्लेम शहराच्या दृश्यांत क्षितिज बरेच खाली असून बहुतांश पट मेघांनी व्यापलेला दिसतो. मात्र दोन तृतीयांश जागा कोणास द्यावी, हे नियम सांगत नाही. तो निर्णय विषयावरून घ्यावा लागतो.

कॅमेरा समपातळीत धरल्यास सपाट प्रदेशातील क्षितिज नेहमी चौकटीच्या मध्यावरच येते. कॅमेरा केवळ उंच वा खाली नेल्याने ते सरकत नाही. त्यासाठी कॅमेरा कलवावा लागतो किंवा नंतर चित्राची एक कड कापावी लागते. कॅमेऱ्याच्या उंचीने जमिनीचे स्वरूप मात्र बदलते. खालून घेतलेल्या चित्रात जवळचे गवत मोठे दिसते, तर उंचावरून पायवाटा, बांध व उतार उलगडतात.

ऋतुमानाचा विचार :
जव्हार सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात व पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. सावल्या नाहीशा झाल्याने जमिनीचा चढउतार चित्रात दिसत नाही. म्हणून सकाळ वा सायंकाळचा तिरपा प्रकाश श्रेयस्कर ठरतो. जून-जुलैमध्ये मेघांची घडण हाच विषय असल्याने आकाशास अधिक जागा देणे योग्य होय. पावसाळा सरल्यावर पिकलेली नागली, वरई व वाढलेले गवत यांमुळे भूमीचे पारडे जड होते. निरभ्र, एकसुरी आकाशास मोठा भाग दिल्यास ती जागा वाया जाते.

प्रकाशाची विषमता :
आकाश व जमीन यांच्या तेजात पुष्कळ अंतर असते. छायाचित्रणात एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट. त्यामुळे तीन स्टॉपच्या फरकात आकाश जमिनीच्या आठपट तेजस्वी ठरते. जमिनीनुसार मोजमाप केल्यास ढग पांढरेफटक होतात, आकाशानुसार केल्यास जमीन काळवंडते. ही अडचण जुनीच आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास आपल्या काही सागरदृश्यांसाठी आकाश व समुद्र यांच्या स्वतंत्र काचफलकांवरून एकच चित्र छापले. आज वरच्या भागात गडद व खाली पारदर्शक असलेला फिल्टर, अथवा भिन्न मोजमापांच्या दोन चित्रांचे संगणकीय एकत्रीकरण, यांनी हेच कार्य साधते. असे एकत्रीकरण केल्यास अहवालात त्याची नोंद असणे आवश्यक आहे.

प्रमाणाचा अर्थ :
भव्य आकाशाखाली जमिनीची अरुंद पट्टी दाखविणारे चित्र आकर्षक असते, परंतु त्यातून माळ ओसाड व निरुपयोगी असल्याचा ग्रह होऊ शकतो. वस्तुतः जव्हार-मोखाडा परिसरात माळ म्हणजे गुरांचे चरणे व गवताची कापणी. तर डोंगरउतारांवर पावसापूर्वी राब भाजून नागली-वरईची रोपे तयार केली जातात. वारली, कोकणा, कातकरी आदी समाजांच्या श्रमाच्या या खुणा जमिनीच्या भागातच आढळतात. तो भाग आक्रसला की त्या खुणा पुसल्या जातात. भूमीच्या उपयोगाविषयीच्या अहवालात हा केवळ सौंदर्याचा दोष राहत नाही, तर पुराव्याची त्रुटी ठरते.

निष्कर्ष :
भूमी व आकाश यांचा समतोल म्हणजे दोहोंचे समान वाटप नव्हे. चित्र कशाविषयी आहे हे आधी निश्चित करावे, त्यानुसार क्षितिजरेषा ठरवावी आणि शक्यतो एकाच ठिकाणाहून भिन्न प्रमाणांची दोन चित्रे घ्यावीत. विद्यार्थ्यांनी या दोन चित्रांची तुलना केल्यास, चौकटीतील एक रेषा हलविल्याने स्थळाविषयीचे विधान कसे बदलते, हे त्यांच्या ध्यानी येईल.